कागदामागची सही

सोमवार, २ फेब्रुवारी

आज मोठ्या बाईंशी वाजलं. रोज लिहीन म्हणून आणलेली ही वही वर्षभर कपाटात कोरी पडली होती. भांडणाने का होईना, तिचं उद्घाटन झालं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात, मीही. त्यांनी चौथीच्या वर्गासाठी छापील कागदांचा गठ्ठा मागवला होता. प्रत्येक कागदावर तोच चेहरा: अंड्यासारखा, टपोरे डोळे, हसरे ओठ. मुलांनी रंग भरायचे, केस हवे तसे काढायचे, वर 'माझा चेहरा' असं आधीच छापलेलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकदिन आहे, तेव्हा दाराजवळच्या लांब भिंतीवर लावायचे.

मी म्हणालो, "बाई, चाळीस मुलं आणि एकच चेहरा?"

"केस वेगळे असतील ना."

"मग वर 'माझे केस' लिहू."

त्या हसल्या नाहीत. "सर, गेल्या वर्षी तुमच्या पद्धतीने काढलेले चेहरे बघितले मी. अर्धी मुलं बटाट्यासारखी दिसत होती."

"पण एका बटाट्यासारखा दुसरा नव्हता."

गठ्ठा मी त्यांच्या टेबलावर परत ठेवला. म्हणालो, मुलं समोरासमोर बसून एकमेकांचे चेहरे काढतील, जसे आहेत तसे, आणि भिंत मी भरून देईन. बाई म्हणाल्या, "भरा. फक्त भिंत शाळेची आहे, एवढं ध्यानात असू द्या."

ध्यानात आहे. पण छापील चेहरा माझ्या वर्गात येणार नाही.

मी शिकलो ती शाळा एका खोलीची. चार इयत्ता, चार कोपरे, एक गुरुजी. गुरुजींचा एक डोळा नाकाकडे वळलेला होता. एकदा पाढे लिहायच्या पाटीवर मी त्यांचा चेहरा काढला, डोळ्यासकट. पकडला गेलो तेव्हा मार खायला हात पुढे करून उभा राहिलो. गुरुजी बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उंच फळीवर पालथी ठेवली, मला दुसरी पाटी दिली आणि म्हणाले, "बाराचा पाढा म्हण." मी शाळा सोडेपर्यंत ती पाटी तशीच तिथे होती. त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, मला आजवर कळलेलं नाही. पण त्यांनी पुसली नाही, एवढं खरं. त्या न पुसण्याच्या जोरावर मी इथवर आलो.

बुधवार, ४ फेब्रुवारी

चित्रकलेचे दोन तास, बुधवार आणि शुक्रवार. आज पहिला.

चाळीसपैकी अडतीस मुलांनी डोळे कपाळावर काढले. दरवर्षी हेच होतं. डोळे, नाक, तोंड यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं. कपाळ आणि टाळू कुणाच्या खिजगणतीत नसतात. मी सांगितलं की डोळे डोक्याच्या बरोबर मध्ये असतात. कुणाचा विश्वास बसेना. शेवटी मामांना बोलावलं. मामा म्हणजे आमचे शिपाई, शाळेतला सर्वांत जुना माणूस, डोक्यावर औषधालाही केस नाही. त्यांना स्टुलावर बसवून कागदाची लांब पट्टी हनुवटीपासून टाळूच्या टोकापर्यंत धरायला एका मुलीला सांगितलं. ही वर्गातली सर्वांत बडबडी. तिला मी इथे बडबडीच म्हणेन. तिने पट्टी मापून दुमडली, पुन्हा चेहऱ्याला लावली. घडी बरोबर डोळ्यांवर.

"हे मामांचं टक्कल आहे म्हणून!" ती म्हणाली.

मामा म्हणाले, "बाळा, केस गेलेत. डोकं आहे तिथंच आहे."

मग चाळीस पट्ट्या निघाल्या आणि वर्गभर डोकी मोजणं सुरू झालं.

शेवटी माझे तीन नियम फळ्यावर लिहिले. एक, सगळी खोडरबरं माझ्या टेबलावरच्या डब्यात. दोन, कागदाकडे कमी, समोर जास्त बघायचं. तीन, ज्याचा चेहरा काढला त्याने कागदाच्या मागे 'हा मी' किंवा 'ही मी' असं लिहून सही करायची. सही नाही तर भिंत नाही.

तिसरा नियम मला कसा सुचला ते नीट आठवत नाही. लग्न झाल्यावर मी बायकोचं एक चित्र काढलं होतं. फोटोवरून, नाक जरा सरळ करून. बघून ती म्हणाली, "छान आलंय. पण ही मी नाही." लाजली असावी. चित्र मात्र तिने चोवीस वर्षं जपून ठेवलंय, ट्रंकेच्या तळाशी, पांघरुणांखाली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज नाक. नाक कुणालाच येत नाही. मलाही नाही. नाकाला रेषा नसते, नुसती सावली असते. देवाने सर्वांत अवघड गोष्ट चेहऱ्याच्या मधोमध ठेवली, म्हणजे कुणाला चुकवता येऊ नये.

रबर नाही म्हणून दोघं रडले. तासाच्या शेवटी त्यांनाच घरी जायचं नव्हतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

चौथीत एक मुलगी आहे, अगदी कमी बोलणारी. मी तिला मनात खिडकीवाली म्हणतो, कारण वर्षभरात तिने डावीकडच्या खिडकीशेजारची जागा कधी सोडलेली नाही. तिच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा जुना डाग आहे. कातडी ओढलेली, थोडी चकचकीत. तो गाल खिडकीकडे, दुसरा वर्गाकडे. तिला उजेड आवडत असावा.

जोड्या करायला सांगितल्या. सगळ्यांच्या झाल्या आणि दोघी उरल्या. बडबडी उरली, कारण तिच्यासमोर अर्धा तास बसायची कुणाची तयारी नव्हती; आणि खिडकीवाली उरली. बडबडीने खुर्ची फरफटत नेली आणि तिच्यासमोर आपटली. "मी काढते तुला. पण हललीस ना, तर बघ."

आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. बडबडी अर्धा तास गप्प बसली. समोर बघायची, दोन रेषा काढायची, पुन्हा समोर बघायची. डागापाशी आली तेव्हा तिने पेन्सिल आडवी धरली आणि हलक्या हाताने कानाखालून हनुवटीपर्यंत सावली उतरवली, मग ओढलेल्या कातडीच्या तीन बारीक रेषा. पट्टीने अंतरही मोजलं. त्यात कुचेष्टा नव्हती आणि कीवही नव्हती. नाकासारखं नाक, कानासारखा कान, तसा डागासारखा डाग. मी इतकं नीट काढलं नसतं.

खिडकीवालीनेही बडबडीला काढलं. तोंड उघडं.

घंटा झाली. कागद गोळा करता करता धांदल उडाली. खिडकीवाली आपलं चित्र न बघताच दप्तर उचलून गेली, त्यामुळे तिची सही राहिली. घेईन.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर मामा आणि मी मिळून भिंत भरली. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन रांगा. बडबडीने काढलेलं चित्र मी बरोबर मध्यभागी घेतलं.

मामा टाचण्या हातात धरून थांबले. "सर, हे एवढं मध्ये?"

"का?"

"नाही, म्हटलं... दारातून येणारा उजेड थेट तिथंच पडतो."

"म्हणूनच मध्ये."

टाचणी मारताना लक्षात आलं, मागे सही नाही. आज ती घाईने निघून गेली होती. पण इतकं खरं चित्र एका सहीसाठी कपाटात ठेवायचं? सोमवारी घेऊ.

घरी येऊन देवासमोर बसलो. बऱ्याच दिवसांनी काही मागायचं सुचलं नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

बाईंनी पहिल्याच तासाला बोलावलं. दार लोटून घेतलं.

"सर, मधलं चित्र काढून टाका."

"कारण?"

"कारण तुम्हाला माहीत आहे. लोक येतील, त्यांची पहिली नजर त्यावर जाईल."

"ती मुलगी रोज दारातून आत येते, बाई. तेव्हाही नजर जातेच."

"तिला काय वाटेल याचा विचार केलात?"

"तिला काय वाटायचंय? चेहरा तिचाच आहे."

बाई म्हणाल्या, "सर, मी तुमच्या वाईटावर नाही. पालकांना हसरी मुलं बघायची असतात, एवढंच."

"मग छापील कागद आहेतच तुमच्याकडे. ते कधी रडत नाहीत."

बोलून गेलो. बाहेर आल्यावरही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. बारा वर्षं होयबा म्हणून काढली. आता पुरे.

खिडकीवाली आज आली नव्हती. सर्दी झाली असेल.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

तिची आई आली. शिवणकाम करते, बोटाच्या टोकाला सुया टोचल्याच्या खुणा. बाईंनीच निरोप धाडून आणलं असणार. भिंतीसमोर माझ्याशी बोलली, पण चित्राकडे पाठ करून.

"सर, माझ्या लेकीचं तोंड तुम्ही भिंतीला टांगलंय."

"ताई, नीट बघा तरी. किती सुंदर काढलंय."

ती वळली नाही. म्हणाली, "पाणी उकळत ठेवलं होतं. दार वाजलं म्हणून मी पाठ फिरवली. एवढीशीच." आणि दोन बोटांनी ती एवढीशी दाखवली.

हे ती मला का सांगत होती कळलं नाही. मी चित्राबद्दल बोलत होतो. मी म्हणालो, यात लपवण्यासारखं काहीच नाही.

"तुम्हाला नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात त्या बाजूने काढलेला एक फोटो नाही. मी काढूच दिला नाही कुणाला. आणि तुम्ही कोण हो?"

मुलगी घरी आहे, पोट दुखतंय म्हणाली. मग पिशवी छातीशी धरून निघून गेली.

मी बरोबर आहे. आईची माया आंधळी असते, ती डाग लपवते; शिक्षकाने तसं करू नये. मी बरोबर आहे. तरी सकाळच्या प्रार्थनेत आज मन लागलं नव्हतं, आणि संध्याकाळी मी प्रार्थना टाळली.

बुधवार, १८ फेब्रुवारी

लेखी आदेश आला. शुक्रवारपर्यंत चित्र उतरवावे. अन्यथा मार्चपासून चौथीचे चित्रकलेचे दोन्ही तास गणिताला देण्यात येतील.

मधल्या सुट्टीत उत्तर लिहिलं. पहिल्यांदा दोन पानं झाली, ती फाडली. शेवटी एवढंच ठेवलं: 'भिंत शाळेची आहे हे मान्य. चेहरे मुलांचे आहेत, ते मी कुणाच्या सांगण्यावरून उतरवणार नाही.' खाली सही.

मामांनी कागद नेता नेता वाचला. "सर, दोन वाक्यांनी नोकऱ्या गेल्यात."

"मग तिसरं लिहू?"

"नको, नको. दोन पुरेत."

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चित्र आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

चित्र आहे. मुदत आज संपली. बाईंनी मामांना ते उतरवायला सांगितलं. मामांनी सांगितलं, शिडी सापडत नाही. चित्र माझ्या छातीच्या उंचीवर आहे.

खिडकीवाली आजही आली नाही. बडबडीने विचारलं, "सर, माझं चित्र वाईट आलंय का?" मी म्हणालो, वर्गात सर्वांत चांगलं आलंय. "मग सगळे त्याच्यासमोर हळू आवाजात का बोलतात?"

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळी बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. आदेश, माझं उत्तर, शिडी. शिडीला ती हसली. मग म्हणाली, "अहो, त्या मुलीने सही केली का?"

"कसली?"

"तुमच्या नियमाची. कागदामागे."

"राहिलीय. त्या दिवशी घंटा झाली, शुक्रवारी ती घाईत गेली, मग आलीच नाही."

"म्हणजे नियम बाकीच्या एकोणचाळीस जणांना."

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "असेल. बाईंनी तिच्या आईला गाठलं, आई तुमच्याशी भांडली, तुम्ही बाईंशी भांडलात. चेहरा जिचा, तिला कुणी काही विचारलं?"

मी चिडलो. म्हणालो, तुला चित्रातलं काय कळतं, तुझं एवढं चांगलं चित्र काढलं तर तेही आवडलं नाही म्हणालीस, तरी जपून ठेवलंसच की. तिने ट्रंक उघडली, पांघरुणं बाजूला केली. माझं चित्र तळाला होतं. पालथं. त्याच्यावर डांबराच्या गोळ्या.

"तळ गंजलाय," ती म्हणाली. "पांघरुणांना डाग पडू नयेत म्हणून घातलं. जाड कागद होता."

मला हसावं की काय करावं कळेना. शेवटी विचारलं, त्या वेळी वाईट वाटलं होतं का.

"वाईट नाही. तुम्ही इतके खूश होतात, की मला पसंत आहे का नाही हे विचारायचंच राहिलं तुमचं. नाक कुणाचं होतं हो ते?"

दुपारभर बसून होतो. फळीवरची ती पालथी पाटी डोळ्यांसमोरून जाईना.

बाईंपुढे मी वाकणार नाही, ते ठरलेलंच आहे. पण उद्या त्या मुलीला विचारणार. नाही म्हणाली तर मीच उतरवणार. मग बाई काय समजायचं ते समजोत.

सोमवार, २३ फेब्रुवारी

ती आली. मधल्या सुट्टीत तिला भिंतीपाशी नेलं आणि आधी माफी मागितली. दहा वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात, हे कुणी शिकवलेलं नसतं. "माझं चुकलं, तुझी सही न घेताच लावलं" एवढंच जमलं. म्हणालो, आता नीट बघ. नको असेल तर या क्षणी काढतो.

ती पुढे झाली. खूप वेळ बघितलं. मग मान हलवली. "ही मी नाही."

मी म्हणालो, "बरोबर आहे. डाग काढायला नको होता."

तिने माझ्याकडे असं बघितलं, की वर्गातला सर्वांत ढ मुलगा मीच.

"डाग चुकीच्या गालावर काढलाय, सर."

"अं?"

"माझा या बाजूला आहे." डाव्या गालावर बोट ठेवून ती चित्रासमोर उभी राहिली. "हिने त्या बाजूला काढलाय. आरशात बघते ना मी रोज."

चित्रात डाग उजव्या हाताला दिसत होता. दिसणारच, बडबडी तिच्यासमोर बसली होती. पण आरसा समोर बसत नाही, आरसा आपल्याच बाजूचा असतो. बारा वर्षं चेहरे शिकवतोय आणि हे मला कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

"आणि फोटोत? फोटोत कुठे दिसतो?"

"फोटोत डाग नसतो," ती म्हणाली. "आई दुसऱ्या बाजूने काढते."

म्हणजे जन्मात तिने तो फक्त आरशात बघितलाय. बाकी कुणी तिला तो कधी दाखवलाच नाही.

"मग इतके दिवस शाळेत का नाही आलीस? पोट दुखत होतं?"

"आई रडत होती. मी तिच्याजवळ थांबले."

चारही टाचण्या मी माझ्या हाताने काढल्या. बाई कचेरीच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं केलंत, सर." माघार घेतली असं त्यांना वाटलं असेल. घेतलीच. पण माझ्या नियमापुढे, त्यांच्या आदेशापुढे नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

घरून आरसा नेला. बायकोने स्वतः खिळ्यावरून उतरवून कापडात बांधून दिला.

आरसा माझ्या टेबलावर उभा केला. तिथे बसलं की डावा गाल वर्गाकडे येतो, हे मी तिला आधीच सांगितलं. ती क्षणभर थांबली. मग खुर्ची ओढून बसली. वर्गातल्या दोघातिघांनी माना वर केल्या, बघितलं, आणि पुन्हा आपल्या कागदात घातल्या. त्यांनाही नाक काढायचं होतं.

तिने स्वतःचा चेहरा काढला. डाग कागदावर डावीकडे. बडबडी मागून डोकावली.

"अगं, उलटा काढलास!"

"तू उलटा काढलास."

"मी समोर बसले होते!"

"मग? चेहरा माझाय."

"आरसा उलटं दाखवतो, विचार सरांना!"

"आरसा नाही. तूच उलटी बसतेस."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. दोघींनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मग बडबडीने स्वतःच आरशासमोर उभी राहून आपल्या गालावर शाईचा ठिपका दिला, खिडकीवालीला समोर उभं केलं आणि दोन्हींकडून बघितलं. "हात्तिच्या," म्हणाली. "दोघीही बरोबर." त्याचंही तिला जरा वाईट वाटलं.

आपल्या चित्रामागे खिडकीवालीने 'ही मी' लिहिलं, सही केली. बडबडी आपला कागद घेऊन हटून बसली. "माझ्यावर पण कर." खिडकीवाली विचार करत बसली. मग लिहिलं: 'ही मी, तिला दिसते ती.' आणि सही.

मी म्हणालो, "नियमात फक्त 'ही मी' आहे हं."

"मग नियम बदला, सर."

बदलला. वर्गासमोर, फळ्यावर. तिला विचारलं, आईचं काय? म्हणाली, "आईला मी आणते."

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

लपूनछपून काही करायचं नाही म्हणून आधी कचेरीत गेलो.

"बाई, ते चित्र परत लावतोय. आणि आणखी एक."

"तुम्ही काढलं होतंत ना?"

"मागे सही नव्हती म्हणून. आता आहे." दोन्ही कागद त्यांच्यासमोर पालथे ठेवले. त्यांनी दोन्ही वाचले. दुसरा दोनदा वाचला.

"सर, तासांबद्दल मी लिहून दिलंय. मला शब्द फिरवता येणार नाही."

"फिरवू नका. तास तुमच्या हातात आहेत, घ्या. मधली सुट्टी कुणाची?"

त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. मी दोन्ही चित्रं मध्यभागी लावली. बडबडीचं डावीकडे, खिडकीवालीचं उजवीकडे. तेव्हा दिसलं, दोन्ही डाग मध्ये एकमेकांशेजारी आलेत.

शनिवार, २८ फेब्रुवारी

पालकदिन. खूप लोक आले. बरेच जण आपापल्या बटाट्यासमोर उभे राहून हसत होते. एक बाप मुलाला म्हणाला, "तुझे कान एवढे आहेत? मग माझेही तेवढेच असणार."

खिडकीवालीने आईला खरंच आणलं. हात धरून, जवळजवळ ओढत, मध्यभागी उभं केलं. "हे तिने काढलं. हे मी. डाग दोन्हीत एकाच गालावर आहे, पण वाटत नाही तसं. थांब, समजावते."

आई ऐकत नव्हती. ती या वेळी बघत होती. एवढ्या जवळ गेली की नाक कागदाला लागेल. मग तिने बोट उचललं आणि चित्रातल्या डागाचं अंतर मोजावं तसं कानापासून हनुवटीपर्यंत हवेत फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"एवढाच आहे?" ती म्हणाली.

लेक म्हणाली, "एवढाच आहे, आई."

"मला वाटायचं..." म्हणत ती मागे सरली. जवळच्या बाकावर बसली, पिशवीत तोंड घालून. लेक शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मला ते नीटसं कळलं नाही. डाग तर बडबडीने पट्टीने मोजून काढलाय. तो लहानही नाही आणि मोठाही नाही.

बाई दुरून बघत होत्या. संध्याकाळी नवीन वेळापत्रक लागलं. बुधवार, गणित. शुक्रवार, गणित.

रविवार, १ मार्च

बायकोला समोर बसवलं. नाक आहे तसं काढलं. मागे काय लिहिणार विचारलं, तर म्हणाली, "बघू. घाई काय आहे, चोवीस वर्षं थांबलातच की."

आज देवासमोर बराच वेळ बसलो. भांडलो त्याबद्दल क्षमा मागितली नाही. तिला आधी विचारलं नाही, त्याबद्दल मागितली.

बुधवार, ४ मार्च

चित्रकलेच्या तासाला वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता. बाराचा.

मधल्या सुट्टीत मी रबरांचा डबा घेऊन वर्गात जाऊन बसलो. कुणाला बोलावलं नव्हतं. आधी बडबडी आली, मग दोघं, मग एकदम घोळका. मोजले तर सतरा. न सांगता खोडरबरं डब्यात टाकली. काढायचं कुणाला, यावर गोंधळ सुरू झाला.

खिडकीवाली उठली. स्टूल उचलून खोलीच्या मधोमध आणलं आणि वर बसली. खिडकी एका बाजूला राहिली, मुलं चहूबाजूंनी गोल बसली.

"कुठून काढू?" कुणीतरी विचारलं.

"जिथून दिसते तिथून," ती म्हणाली. "पण सही मी बघून करणार."

बाई एकदा दारात येऊन गेल्या. आत आल्या नाहीत, कुणाला उठवलंही नाही. सोळा पेन्सिलींचा आवाज किती होतो, हे मला आज कळलं.

मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची. आज घंटा पस्तिसाव्या मिनिटाला झाली. घंटा दाराशी हाताला येईल अशी टांगलेली आहे. मी मामांना विचारलं, उशीर कसा झाला?

मामा म्हणाले, "काय करू सर, शिडी सापडत नव्हती."